जुन्या चेनसॉची चेन कोरडी पडते: पंप बदलू की नळी?

माडाखाली
नमस्कार मंडळी. गुहागर तालुक्यात आमची नारळ-पोफळीची बाग आहे, वर सड्यावर काजू आणि थोडे आंबे. मामांकडून आलेली एक जुनी पेट्रोलची चेनसॉ वापरतो. ३२ सीसीच्या आसपासचं इंजिन, १४ इंची पट्टी (जिच्या कडेने चेन फिरते ती). इंजिनाबद्दल काहीच तक्रार नाही, दोरी ओढली की चालू होते आणि आवाजही खणखणीत आहे. प्रश्न चेनच्या तेलाचा आहे.

तेलाची टाकी काठोकाठ भरली की सुरुवातीला चेन छान ओली राहते. टाकी अर्ध्यावर आली की चेन कोरडी. काजूची मनगटाएवढी फांदी कापतानाही धूर येतो, पट्टीचं टोक हात लावू नये इतकं तापतं आणि पट्टीच्या कडेला निळसर झाक आली आहे. शिवाय भरलेली मशीन माळ्यावर ठेवली तर सकाळी खाली फळी तेलाने भिजलेली असते.

तालुक्याच्या गावी मशीन दाखवली. तिथे सांगितलं की ऑइल पंप गेला, सगळा संच बदला. पंप खरंच गेलाय का, हे आधी मला समजून घ्यायचं आहे. निसर्ग वादळाच्या वेळी, ३ जून २०२० नंतर, मामांकडे मंडणगडच्या बाजूला रस्त्यात आडवी झालेली झाडं याच मशीनने तोडली होती. ही मशीन मला टाकायची नाही, नीट करायची आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावं.


दोनस्ट्रोक
दादा, तुम्ही लक्षणं इतकी नीट लिहिली आहेत की अर्धं उत्तर त्यातच आहे. पंप घेऊ नका, थांबा.

तेलाचा रस्ता असा असतो. टाकीत तळाशी एक छोटी जाळी, तिला रबरी नळी. ती नळी टाकीच्या भिंतीतून बाहेर पडून क्लचच्या मागे असलेल्या पंपाला जाते. पंपाच्या पुढे तेल बॉडीतल्या खाचेतून पट्टीच्या भोकात, भोकातून पट्टीच्या चरात, आणि चरातून चेनचे खालचे दात ते ओढून पुढे नेतात. टाकीपासून पंपापर्यंत तेल ओढलं जातं आणि पंपाच्या पुढे ते ढकललं जातं, एवढं पक्कं डोक्यात ठेवा.

ढकलण्याच्या बाजूला चीर असेल तर तेल बाहेर सांडतं आणि दिसतं. ओढण्याच्या बाजूला चीर असेल तर तेल सांडलंच पाहिजे असं नाही, तिथून हवा आत शिरते. भेगाळलेल्या स्ट्रॉने शहाळं प्यायला बसल्यासारखं होतं ते. तुमच्या टाकीत तेलाची पातळी चिरेच्या वर असते तोवर नळीत तेल येतं, आणि मशीन ठेवून दिली की त्याच चिरेतून ते झिरपतं. पातळी चिरेच्या खाली गेली की पंपाला नुसती हवा मिळते. म्हणजे तुमची दोन्ही दुखणी एकाच चिरेची असू शकतात. पंपाचा दात झिजला असता तर टाकी भरलेली असो की अर्धी, तेल कमीच आलं असतं.

माझा पैसा नळीवर. पण तपासल्याशिवाय क्लच उघडू नका.


रानवाट
दोनस्ट्रोक यांच्याशी सहमत, पण त्याही आधी फुकटात होणाऱ्या दोन गोष्टी बघा.

पट्टी काढा. तिच्या मागच्या भागात तेलाचं बारीक भोक असतं, ते सुईने किंवा सायकलच्या स्पोकने मोकळं करा. चरातली भुशाची काळी चिकी एखाद्या पातळ पत्र्याने खरवडून काढा. नारळाचा भुसा यात फार वाईट, बारीक पीठ होतं आणि तेलात मिसळून घट्ट थर बसतो. माडाचं खोड कापणाऱ्यांनी हे दर टाकीला करायला हवं.

दुसरं, टाकीची हवा. तेल बाहेर गेलं की तेवढी हवा आत यावी लागते, त्यासाठी एक छोटासा झडपेचा मार्ग असतो. तो बुजला तर टाकीत पोकळी तयार होते आणि पंप ओढूच शकत नाही. तपासायला सोपं: चेन कोरडी पडली की मशीन बंद करून तेलाचं झाकण सैल करा. हवा आत गेल्याचा फुस्स आवाज आला आणि पुढचा काही वेळ तेल परत सुरू झालं, तर दोष हवेच्या वाटेचा.


वखारवाला
आमच्याकडे वर्षानुवर्षं गाड्यांचं जळकं ऑइल घालतात. मशीन चालतात. तुम्ही कोणतं तेल घालता? पातळ असेल तर घट्ट घालून बघा, नळीबिळी काही बदलावी लागणार नाही.


दोनस्ट्रोक
वखारवाले काका, तुमचा अनुभव मोठा आहे, पण या एका गोष्टीत मी ठाम आहे. जळकं ऑइल नको.

त्यात इंजिनाची झीज, म्हणजे धातूचे बारीक कण असतात. पंपाचा दांडा ज्या भोकात फिरतो तिथली फट अगदी कमी असते. हे कण तिथे घासून फट वाढवतात, मग पंप खरोखर जातो. शिवाय ज्वलनातून आलेली आम्लं आणि थोडं पेट्रोलही त्यात असतं, रबर त्याने फुगतं. आणि माणसाचं काय? चेन चालते तेव्हा तेल तुषार होऊन अंगावर, हातावर, श्वासात जातं. वापरलेल्या इंजिन ऑइलमध्ये कर्करोगाला कारण ठरणारी संयुगं असतात, कातडीला वारंवार लागणं धोक्याचं आहे. दिवसभर मशीन धरणारा पोरगा ते घरी घेऊन जातो.

घट्ट तेलाचंही तसंच. चिरेतून हवा आत जाते तेव्हा घट्ट तेल ओढणं पंपाला अजून जड जातं, कारण हवा हलकी, ती आधी येते.


वखारवाला
वादळाच्या दिवसांत काय करणार होतो? दुकानं बंद, रस्ते बंद, लाईट नाही. जे हाताशी होतं ते घातलं. माणसं वाट बघत होती.


रानवाट
काका, त्या दिवसांबद्दल कुणी बोट दाखवत नाहीये. दापोली-मंडणगड-श्रीवर्धन पट्ट्यात तेव्हा ज्यांच्याकडे मशीन होती त्यांनी दिवसरात्र काम केलं, आम्ही ते पाहिलंय. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्तेच्या वेळी परत तेच. प्रश्न आजचा आहे. आज चेन ऑइल मिळतं, आणि नाहीच मिळालं तर नवं कोरं एसएई ३० किंवा ४० इंजिन ऑइल चालून जातं. फक्त त्यात चिकटपणा आणणारा घटक नसतो, त्यामुळे पट्टीच्या टोकाला वळताना ते जास्त उडतं आणि जास्त लागतं.


माडाखाली
सगळ्यांचे आभार. तपासून आलो.

भोक आणि चर साफ केले. चरात बराच थर होता, पण काढल्यावरही फरक नाही. झाकण सैल केल्यावर आवाज नाही, तेलही सुरू झालं नाही. म्हणजे हवेची वाट ठीक असावी.

तेल मी गेल्या पावसाळ्यापासून डब्यातलं चेन ऑइलच घालतो. मामांकडे काय घातलं जायचं ते वादळाच्या काळातलं वर वखारवाल्या काकांनी लिहिलंच आहे, तसंच असणार.

आता क्लच न उघडता पंप आणि नळी यातला दोषी कसा ओळखायचा?


दोनस्ट्रोक
पट्टी आणि चेन काढलेल्या अवस्थेत मशीन चालवून बघता येते. पण आधी एक बघा: चेन ब्रेक तुमच्या बॉडीत आहे की बाजूच्या झाकणात. झाकणात ब्रेक असलेली मशीन झाकणाशिवाय चालवायची नाही. ब्रेक बॉडीत असेल तर हरकत नाही. मशीन जमिनीवर घट्ट दाबून धरा, बाही वर करा, ड्रमजवळ बोट, चिंधी, लुंगीचं टोक काहीही नको.

तुमच्या जातीच्या मशीनमध्ये पंप क्लचच्या ड्रमवरून फिरतो. म्हणजे नुसत्या आयडलवर तेल येणार नाही, रेस वाढवून ड्रम फिरला तरच येईल. टाकी भरलेली असताना अर्ध्या रेसवर चालवा आणि पट्टी जिथे टेकते तिथली तेलाची खाच बघा. मग टाकी पाऊण रिकामी करून तेच करा.

भरलेली असताना तेलाची सलग धार आणि रिकामी असताना बुडबुडे, तर नळी. दोन्ही वेळा तेवढंच थेंब थेंब, तर पंप किंवा जाळी.


माडाखाली
केलं. भरलेली असताना तेल व्यवस्थित सरकत येतं. टाकी कमी केली की फेसाळ बुडबुडे आणि मग काहीच नाही. जाळीही वाकवलेल्या तारेने तोंडातून बाहेर ओढून पेट्रोलमध्ये धुतली, ती स्वच्छ आहे.

नळी टाकीच्या आतल्या बाजूला बोटाने दाबली तर लिबलिबीत लागते, फुगल्यासारखी. मी नळी बदलायला घेतोय. कृपया क्रमाने सांगा, कारण क्लच मी कधी उघडलेला नाही.


दोनस्ट्रोक
घाई न करता वाचा, मग हात लावा.

पेट्रोल आणि तेल दोन्ही काढून टाका. बाहेरून सगळी मशीन ब्रशने साफ करा, नाहीतर भुसा पंपात जाईल. प्लगची टोपी काढा. पुढचा हँडगार्ड मागे हँडलकडे ओढून ब्रेक मोकळा करा, ब्रेक लागलेला असेल तर ड्रम निघत नाही.

ड्रमवर मधोमध एक ई आकाराची क्लिप असते. छोट्या स्क्रू ड्रायव्हरने ती सरकवा, पण वर चिंधी धरा, ती उडाली की सापडत नाही. मग वॉशर, मग ड्रम, आत सुयांचं बेअरिंग. ज्या क्रमाने निघालं त्याच क्रमाने जुन्या वर्तमानपत्रावर मांडत जा आणि मोबाईलवर फोटो काढा.

आता क्लच. त्याचे आटे उलटे असतात, म्हणजे उघडताना पाना घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवायचा. क्लचवरच बहुतेक वेळा बाण असतो. छोट्या मशीनमध्ये मध्ये षटकोनी भाग असतो आणि प्लगचा १९ चा पाना त्यावर बसतो. पण क्रँक फिरू नये म्हणून पिस्टन अडवावा लागतो. प्लग काढा. भोकात स्क्रू ड्रायव्हर घालून पिस्टन अडवणारे लोक मी पाहिलेत, पिस्टनला भोक पडतं. दोरी वापरा, ६ मिलिमीटरची, सुती किंवा नायलॉनची विणलेली. काथ्याचा सुंभ अजिबात नको, त्याचे तंतू सिलिंडरमध्ये राहतात.

दोरी भरण्याची वेळ महत्त्वाची. प्लगच्या भोकावर बोट ठेवून स्टार्टर हळू ओढा. पिस्टन वर येताना बोटाला दाब जाणवू लागला म्हणजे एक्झॉस्टचं दार पिस्टनने झाकलं. त्यानंतरच दोरी दुमडून आत सारा, एक टोक बाहेर ठेवा. दार उघडं असताना दोरी भरली तर ती दारात अडकून कापली जाते. मग पान्यावर हळूहळू जोर द्या. नाहीच सुटला तर पान्याला हातोडीचे हलके ठोके द्या. क्लचच्या पंखांना छिन्नी लावून ठोकू नका.

क्लच निघाला की झाकणपट्टी, तिच्यामागे प्लॅस्टिकचं वर्म गिअर आणि त्याला एक तारेची दांडी दिसेल. वर्मचे दात बघा. ते वितळलेले किंवा घासलेले असतील तर बदला. मग पंप सरळ बाहेर ओढा आणि नळी पंपाकडून सोडवा.


घाटावरची
मधेच विचारते, क्षमस्व. आमच्या पाटणच्या शेतावरच्या मशीनलाही हाच त्रास आहे आणि दुकानात तयार नळी नाही म्हणतात. माशांच्या टाकीला वापरतात ती पारदर्शक नळी किंवा मोटरसायकलचा पेट्रोल पाईप कापून घातला तर चालेल का?


दोनस्ट्रोक
ताई, पारदर्शक नळी नको. ती पीव्हीसी असते, तिला मऊ ठेवणारा घटक तेल हळूहळू शोषून घेतं आणि नळी कडक होऊन तडकते.

मोटरसायकलचा पाईप नायट्राईल रबराचा असेल तर तेलाला चांगला टिकतो. पण प्रश्न आकाराचा आहे. जुन्या काही मशीनमध्ये साधी सरळ नळी आणि दोन्ही टोकांना नळकांडी असतात, तिथे आतला व्यास जुळला की काम होतं. माडाखाली यांच्या मशीनसारख्यांत नळी साच्यात घडवलेली असते. तिला वळण असतं आणि टाकीच्या भिंतीत बसायला गोल खाचेचा जाड भाग असतो. भिंतीतली फट तोच भाग बंद करतो. तिथे सरळ पाईप घातला तर भिंतीतून गळणार आणि वळणावर दबून बंद होणार. अशा वेळी मॉडेलच्या नावाने मूळ नळीच मागवा. पुण्या-कोल्हापुरात पार्ट ठेवणारे बरेच आहेत, कुरियरने येते.


सडेकर
आणि पेट्रोलची नळी नि तेलाची नळी यांची गल्लत होऊ देऊ नका. दुकानदार कधीकधी एकाच नावाने देतात. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, त्याने पेट्रोलची जुनी नळी लवकर खराब होते. तो वेगळा त्रास. तेलाच्या नळीला इथेनॉलशी देणंघेणं नाही. पण मशीन उघडलीच आहे तर पेट्रोलची नळीही वाकवून बघा, भेगा दिसल्या तर दोन्ही एकदमच बदला.


बर्फातला_मराठी
मिनेसोटाहून लिहितोय. घराच्या शेकोटीसाठी ओक आणि मेपल कापतो. इथे उलटा त्रास, हिवाळ्यात शून्याखाली तेल इतकं घट्ट होतं की पंप ओढू शकत नाही, म्हणून हिवाळ्याचं पातळ तेल वेगळं मिळतं.

तेलावर चर्चा चालली आहे म्हणून विचारतो. बागेत, विहिरीजवळ कापताना खनिज तेल जमिनीत जातं, चेनचं तेल गोळा होऊन परत येत नाही, सगळं उडून मातीतच जातं. जर्मनीत यासाठी वनस्पती तेलापासून केलेल्या चेन ऑइलला ब्लाउअर एंगल हे पर्यावरण चिन्ह मिळतं. तिकडे मुख्यतः मोहरीवर्गातल्या रेपसीडचं तेल वापरतात. कोकणात खोबरेल किंवा करंजेल कुणी वापरून पाहिलंय का?


माडाखाली
आमच्याकडे खोबरेल मुबलक आहे, म्हणून हा विचार माझ्याही मनात येऊन गेला होता. नळी मागवली आहे, ती येईपर्यंत याबद्दल वाचायला आवडेल.


रानवाट
खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली थिजतं. कोकणात डिसेंबर-जानेवारीची सकाळ त्याच्या खाली जातेच, बाटली उलटी केली तरी तेल येत नाही हे घरात सगळ्यांनी पाहिलंय. तेच टाकीत आणि नळीत झालं तर चेन कोरडी, आणि पंपाच्या प्लॅस्टिक वर्मवर ताण. उन्हाळ्यात भर दुपारी चालेल, पण ते फार पातळ, टोकावर टिकत नाही.

करंजेल थंडीत त्यामानाने बरं, आणि कोकणात पूर्वी दिव्यांना वापरायचेच. पण कुठल्याही शुद्ध वनस्पती तेलाचा एक दोष आहे: हवेशी संबंध येऊन ते कालांतराने चिकट होतं. रोज चालणाऱ्या मशीनला त्रास नाही. पावसाळाभर ठेवून दिली तर पंपात आणि पट्टीत वार्निशसारखा थर बसतो. विहिरीजवळच्या कामापुरतं वनस्पती तेल घातलं तर काम संपल्यावर टाकी रिकामी करून थोडं साधं चेन ऑइल घालून काही मिनिटं चालवून ठेवावं.


सडेकर
९० नंबरचं गिअर ऑइल घालणारेही आहेत. त्यांना वाटतं ते ४० च्या इंजिन ऑइलच्या दुप्पट घट्ट असतं. गिअर ऑइलचे आकडे वेगळ्या मापाचे असतात. ९० चं गिअर ऑइल हे ४०-५० च्या इंजिन ऑइलच्या जवळपास बसतं. कोकणच्या उन्हाळ्यात अडल्यावेळी चालेल, वास मात्र उग्र येतो.


माडाखाली
नळी आली. आज सकाळी उघडायला घेतलं.

क्लच दोनस्ट्रोक यांनी सांगितल्याप्रमाणे दोरी भरून सुटला, पण चांगलाच घट्ट होता. शेजारच्या दादांना मशीन धरायला बोलावलं. वर्मचे दात शाबूत आहेत. पंपाचा दांडा हाताने फिरवला तर सहज फिरतो, खडखड नाही.

आणि नळी! टाकीच्या आत लिबलिबीत आणि बाहेरच्या वळणावर कडक. भिंतीतून बाहेर पडते तिथेच, वळणाच्या वरच्या अंगाला चीर. नुसती बघताना दिसत नव्हती, वाकवल्यावर तोंड उघडलं. एका टोकाला बोट लावून दुसऱ्या टोकाने २० मिलीच्या सिरिंजने हवा ओढली. दट्ट्या सोडला तर परत जायला हवा होता, तो तिथेच राहिला. नव्या नळीवर हेच केलं तर दट्ट्या झटकन मागे गेला.

आता नवी नळी भिंतीतून बसत नाहीये. खाचेचा भाग अर्धा आत, अर्धा बाहेर राहतो. ओढायची भीती वाटते.


दोनस्ट्रोक
सिरिंजची चाचणी छान केलीत.

ओढू नका. आधी भिंतीचं भोक चिंधीने आतून बाहेरून पुसून घ्या, जुन्या रबराचा तुकडा किंवा चिकी तिथे असते. नळी कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवा, उकळत्या नाही. पुसून खाचेच्या भागाला चेन ऑइलचं बोट लावा, ग्रीस नको. मग लांब चोचीच्या पक्कडीच्या तोंडाला चिंधी गुंडाळून नळी जाड भागाजवळ धरा आणि ओढताना थोडी इकडेतिकडे फिरवा. दुसऱ्या हाताच्या बोथट लाकडी काडीने खाचेची कड भिंतीत सारत जा. स्क्रू ड्रायव्हरचं टोक लावाल तर नवीच नळी कापली जाईल. बसली की खाच चारही बाजूंनी सारखी दिसते.

जाळी लावल्यावर मशीन हलवून बघा, जाळी टाकीच्या तळाला लोळत राहिली पाहिजे. नळीला पीळ पडून ती वर टांगली गेली तर परत अर्ध्या टाकीचा त्रास.

पंप लावण्याआधी सिरिंजने नळीत तेल भरून घ्या, म्हणजे पंपाला सुरुवातीला कोरडं फिरावं लागत नाही.


घाटावरची
जोडताना काही खास लक्ष ठेवायचं का? मी पण पुढच्या आठवड्यात उघडणार आहे.


दोनस्ट्रोक
हो ताई, हे सगळ्यांनीच वाचा. वर्मची तारेची दांडी ड्रमच्या काठावरच्या खाचेत बसली पाहिजे. ती बाहेर राहिली तर चेन फिरते, पंप फिरत नाही, आणि माणूस म्हणतो नळी बदलूनही तेल येत नाही. ड्रम बसवताना हलकेच फिरवत राहा, दांडी खाचेत पडली की ड्रम आणखी थोडा आत जातो. दांडी चुकीची राहून मशीन चालवली तर ती वाकते.

क्लच लावताना घड्याळाच्या उलट दिशेने फिरवायचा. दोरी पुन्हा भरावी लागते, कारण आता क्रँक दुसऱ्या बाजूने फिरू पाहतो. फार जोर लावू नका, चालताना तो आपोआप आवळला जातो. सुयांच्या बेअरिंगला थोडंसं ग्रीस. दोरी बाहेर काढल्याची खात्री करूनच प्लग लावा.


माडाखाली
बसली! कोमट पाणी आणि लाकडी काडीने काम झालं. दांडी खाचेत पडल्याचं हाताला कळलं, ड्रम आत गेला.

पट्टी-चेन लावून, टोक जुन्या वर्तमानपत्रापासून वीतभर लांब धरून पाऊण रेसवर चालवली. आधी काही नाही, मग कागदावर तेलाची बारीक रेघ उमटली आणि ती गडद होत गेली. मन भरून आलं. नंतर टाकी मुद्दाम अर्ध्याखाली ठेवून तेच केलं, तरी रेघ तशीच.

दुपारी सड्यावर वाळलेला काजू कापला. दोन्ही टाक्या एकदम भरल्या होत्या. पेट्रोल संपलं तेव्हा तेल तळाला थोडंसं शिल्लक होतं. माळ्यावर ठेवलेल्या मशीनखाली कागद अंथरलाय, सकाळी बघून सांगतो.


रानवाट
अभिनंदन! तेल संपण्याआधी पेट्रोल संपणं हेच बरोबर. टाक्यांची मापं तशीच ठरवलेली असतात. पुढेही हीच खूण ठेवा: पेट्रोलची टाकी संपली आणि तेल जवळजवळ भरलं होतं तेवढंच असेल, तर थांबायचं.

कागदावर एखादा डाग पडला तर घाबरू नका. दिवसा तापलेली मशीन थंड होताना थोडं तेल पट्टीतून आणि हवेच्या वाटेतून उतरतंच. फळी भिजणं आणि डाग पडणं यात फरक आहे.


वखारवाला
माडाखाली, चांगलं काम केलंत. आमच्याकडे दोन मशीन आहेत ज्या टाकी अर्धी झाली की कोरड्या पडतात. पोरगा दर थोड्या वेळाने तेल भरत बसतो, आम्ही तेच धरून चाललो होतो. दोन्हींच्या नळ्या मागवतोय. आणि त्याला जळकं ऑइल हाताळायला लावणं बंद केलंय. दोनस्ट्रोक, मूळ नळी आणि बाजारातली साधी यात फरक पडतो का?


दोनस्ट्रोक
काका, हे वाचून फार बरं वाटलं.

साध्या नळ्यांत काही चांगल्या असतात, काही वर्षभरात फुगतात, आणि वरून बघून सांगता येत नाही. नळी स्वस्तातली गोष्ट, क्लच उघडायचं काम मोठं. त्यामुळे मी मूळच घालतो. साधी घ्यायचीच असेल तर दोन घ्या, एक आठवडाभर चेन ऑइलच्या बरणीत बुडवून ठेवा आणि कोऱ्या नळीशेजारी धरून बघा. जाड झाली असेल तर परत करा.


माडाखाली
कागदावर एक रुपयाएवढा डाग, बाकी कोरडं. 

एकच प्रश्न राहिला. पट्टीच्या कडेची निळी झाक आणि एका बाजूला कडेला धार आली आहे. चेन थोडी हलतेही. ही पट्टी चालेल का?


सडेकर
कड तापून निळी झाली म्हणजे तिथलं पोलाद मऊ पडलं, तो भाग लवकर झिजणार. धार आली आहे ती सपाट कानशीने काढून टाका. मग एक सरळ मोजपट्टी चेनच्या दाताच्या बाजूला आणि पट्टीच्या बाजूला टेकवून धरा. मोजपट्टी आणि मशीनची पट्टी यांत थोडी फट दिसली तर कडा अजून ठीक आहेत, पट्टी चालेल. फट नसेल, चेन कलंडत असेल, तर चर रुंद झालाय, पट्टी बदला.

चालणार असेल तर ती उलटी करून लावा, म्हणजे आजवर खाली असलेली कड वर येईल. यापुढे दर वेळी चेनला धार लावताना पट्टी उलटवत जा. तेलाची भोकं दोन्ही बाजूंना असतात, उलटवताना दुसरं भोक मोकळं आहे ना ते बघा, कारण ते इतकी वर्षं वापरात नव्हतं, तिथे हमखास जुना थर असतो.


माडाखाली
फट आहे, थोडी पण आहे. दुसरं भोक पूर्ण बुजलेलं होतं, स्पोकने मोकळं केलं. पट्टी उलटी लावून चालवली, कागदावर रेघ येते आहे. घाटावरच्या ताई, जुनी नळी मी जपून ठेवली आहे. मॉडेल जुळत असेल तर लांबी आणि खाचेचं माप इथेच टाकतो, कळवा.


घाटावरची
दादा, माप नक्की टाका. आमच्या मशीनवर मॉडेलचं लेबल उडालंय, मापावरूनच मागवावी लागेल.


माडाखाली
संध्याकाळी कॅलिपर घेऊन बसतो. बाहेरचा व्यास, आतला व्यास, खाचेची रुंदी, वळणापासून दोन्ही टोकांची लांबी, सगळं फोटोसकट टाकतो.